तलावात पाणी, शेपटाला कोरड: पश्चिम विदर्भातील एका लघुसिंचन तलावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातील ज्या लघुसिंचन तलावाचे हे प्रकरण आहे, त्याचे मातीचे धरण १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर निघालेल्या कामांच्या काळातले आहे. ओळख पटू नये म्हणून गावांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि साठा व क्षेत्र यांचे आकडे ठोकळ घेतले आहेत. धरणाची उंची सुमारे ९ मीटर, उपयुक्त साठा सुमारे ९ लाख घनमीटर, लाभक्षेत्र दीडशे हेक्टरांच्या आसपास आणि डाव्या तीरावरून निघणारा साधारण चार किलोमीटरचा एकच कालवा, एवढाच या तलावाचा पसारा आहे. कालव्याच्या माथ्याला एक गाव आहे आणि शेपटाला दुसरे. पुढे त्यांना वरचे गाव आणि खालचे गाव असे म्हटले आहे.

या भागातील कास्तकार खरिपात कपाशी, तूर आणि सोयाबीन घेतो, आणि सोयाबीन निघाल्यावर ओलिताची सोय असेल तर हरभरा किंवा गहू पेरतो. येथील काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक अशी दोन पाणी मिळाली तरी पीक हाती येते. भारी जमिनीत त्याहून जास्त पाणी दिल्यास ते उलट पिवळे पडते आणि मर लागते. गव्हाचे तसे नाही. मुकुटमुळे फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना अशा ठरावीक अवस्थांना मिळून त्याला पाच-सहा पाणी लागतात. तलावाच्या पाण्यावर रब्बीत कोणते पीक पेरायचे, या प्रश्नाचे वजन या फरकामुळे वाढते.

तलावावर हक्क सांगणारे केवळ कालव्याखालचे शेतकरी नव्हते. जलाशयाच्या काठावर दहा-बारा जणांनी पंप बसवून संत्रा आणि गव्हासाठी उपसा सुरू केला होता. मासेमारीचा ठेका भोई समाजाच्या सहकारी संस्थेकडे होता. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर काही प्रकल्पग्रस्त कुटुंबे डांगर-टरबूज लावत. उन्हाळ्यात पाच-सहा गावांची जनावरे येथेच पाण्यावर येत. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याखाली एक पाणी वापर संस्थाही नोंदवलेली होती, परंतु तिचे काम कागदावरच होते.

प्रश्न

२०१८ साली सप्टेंबरात पावसाने पाठ फिरवली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हा तालुका त्यांपैकी एक होता. तलाव जेमतेम निम्मा भरला होता, तरीही मागील वर्षांच्या सवयीने वरच्या गावात गहू आणि खालच्या गावात हरभरा पेरला गेला. पहिली पाळी (कालव्यातून शेतांना पाणी देण्याचा फेरा) डिसेंबरात सुटली आणि ती खालच्या गावाच्या निम्म्या शिवारापर्यंतच पोहोचली. दुसऱ्या पाळीच्या वेळी कालव्याचा शेवटचा एक किलोमीटर पूर्ण कोरडा राहिला. खालच्या गावातील एका वयस्कर शेतकऱ्याने बैठकीत जे सांगितले ते पुढे प्रत्येकाच्या तोंडी झाले: “साहेब, तलावात पानी दिसते, पन आमच्या धुऱ्यावर येत नाही.” जानेवारीत एका रात्री कालव्याचे गेट कोणीतरी बळजबरीने उघडले, दोन्ही गावांत हाणामारी झाली आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

दोन्ही गावांचे कारणाबाबत मात्र एकमत होते. तलाव गाळाने भरला आहे, म्हणून पाणी पुरत नाही, असे सगळेच म्हणत होते. हे निदान अगदीच चुकीचे नव्हते, परंतु ते अपुरे होते, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे काम ते निदान तपासून पाहण्याचे होते.

हिशेब

संबंधित विभागाच्या एका तरुण कनिष्ठ अभियंत्याने आणि खालच्या गावातील एका निवृत्त शिक्षकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हा हिशेब मांडायला घेतला. तलाव बांधताना केलेला पातळी आणि साठा यांचा तक्ता कार्यालयात होता, परंतु विमोचकाच्या, म्हणजे तलावातून कालव्यात पाणी सोडण्याच्या दाराच्या, विहिरीवरील पातळीपट्टीचे आकडे पुसून गेले होते आणि गाळामुळे तो जुना तक्ता जसाच्या तसा वापरता येत नव्हता. तेव्हा मासेमार संस्थेचा एक डोंगा घेण्यात आला. वीतभर अंतरावर सुतळी बांधून खुणा केलेला लांब बांबू पाण्यात उभा सोडायचा, तो मऊ गाळाला टेकला की पहिली खूण वाचायची, मग जोर लावून तो कठीण तळापर्यंत दाबायचा आणि दुसरी खूण वाचायची, अशी पद्धत ठरली. दोन खुणांमधले अंतर म्हणजे गाळाची जाडी. कोठे किती गाळ आहे हे भोई बांधवांना बांबू टाकण्याआधीच बहुतेक ठाऊक होते, कारण जाळे कोठे अडकते आणि कोठे रुतते हे त्यांच्या रोजच्या कामाचे ज्ञान होते. एवढी वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

या मोजणीतून पहिली गोष्ट पुढे आली ती अशी की बराचसा गाळ विमोचकाच्या तळपातळीच्या खाली, म्हणजे मृत साठ्यात बसला होता. तेथील गाळ काढल्याने तलावात पाणी जास्त साठेल, जनावरांना, माशांना आणि धरणाखालच्या विहिरींना त्याचा लाभ होईल, परंतु त्या पाण्याचा थेंबही कालव्यात उतरणार नाही.

दुसरी गोष्ट वाटपाची होती. एका हेक्टरला ८ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर शेतात ८०० घनमीटर पाणी पोहोचावे लागते. कालव्यात निम्मे पाणी मुरत आणि गळत असेल तर त्यासाठी गेटमधून १,६०० घनमीटर सोडावे लागतात. बाष्पीभवन आणि जनावरांसाठीचे राखीव पाणी वजा जाता त्या वर्षी सुमारे ३ लाख घनमीटर पाणी हाताशी होते. म्हणजे गेटपाशी मोजले तर साधारण १८७ हेक्टर-पाळ्या (एका हेक्टरला एकदा पाणी म्हणजे एक हेक्टर-पाळी). सगळ्यांनी पाच पाण्यांचा गहू पेरला असता तर ते ३७ हेक्टरांना पुरले असते, आणि दोन पाण्यांचा हरभरा पेरला असता तर ९० हेक्टरांहून अधिक क्षेत्राला. कालव्यातील गळती निम्म्यावरून एकतृतीयांशावर आली, तर गेटपाशी हेक्टरी १,२०० घनमीटर पुरतात आणि तेवढ्याच पाण्यात २५० हेक्टर-पाळ्या होतात. याउलट २०,००० घनमीटर गाळ काढला आणि तो सगळा उपयुक्त साठ्यातला आहे असे धरले, तरी त्यातून वाढणाऱ्या पाण्यात बारा-तेराच हेक्टर-पाळ्या होतात.

तिसरी गोष्ट उपशाची होती, आणि ती सर्वांना अवघड गेली. सेकंदाला १० लिटर पाणी फेकणारा पंप आठ तास चालला तर दिवसाला २८८ घनमीटर पाणी उपसतो. असे बारा पंप दिवसाआड चालले, तरी दोन महिन्यांत सुमारे एक लाख घनमीटर पाणी जाते. हाताशी असलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा कालव्यात पोहोचण्याआधीच संपत होता, आणि त्याची नोंद कोठेही होत नव्हती.

पर्याय

मार्च २०१९ मधील संयुक्त बैठकीत चार पर्याय चर्चेला आले. गाळ काढण्याच्या पर्यायाला सर्वाधिक पाठिंबा होता. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून सुरू होती, यंत्राच्या इंधनाचा खर्च तीतून भागत होता आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा होता. हलक्या, मुरमाड वावरात हा गाळ टाकला की जमिनीचा कस वाढतो हे सगळे पाहत आले होते, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने गाळ वाहताना काम डोळ्यांना दिसते, हेही या पाठिंब्याचे एक कारण होते.

गेट आणि कालवा दुरुस्त करण्याचा पर्याय दिसायला किरकोळ होता. गेटचा स्क्रू रॉड वाकलेला असल्याने ते पूर्ण बंद होत नव्हते आणि पाळी नसतानाही पाणी झिरपत राहत होते. कालव्याचा मुरमाड जमिनीतून जाणारा सुमारे चारशे मीटरचा पट्टा सर्वांत जास्त पाणी पीत होता, आणि बैलगाड्या-ट्रॅक्टर ओलांडण्याच्या जागी भराव खचला होता.

वरच्या गावातील काहींनी कालवाच बंद करून सर्वांनी पंप आणि तुषार संचाने पाणी घ्यावे, असे सुचवले. पाण्याच्या काटकसरीच्या दृष्टीने हा विचार चांगला होता, परंतु चार किलोमीटर पाइप टाकण्याची ऐपत खालच्या गावात फार थोड्यांची होती आणि शेतीपंपाची वीज बहुतेक वेळा रात्रीच मिळत होती. चौथा पर्याय तलावाला पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून विहिरींना पुरवणारा तलाव, मानून गेट कायमचे बंद करण्याचा होता. विहिरी असलेल्यांना तो पसंत होता, आणि विहिरी नसलेल्यांनी तो लगेच फेटाळला.

निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय प्राधान्याचा होता. शिक्षकांनी हिशेबाचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आणि सगळे आकडे हेक्टरांऐवजी एकरांत लिहिले, हे मला फार मोलाचे वाटते. ‘गाळ काढला तर तीस एकरांना एक पाळी वाढेल, कालवा नीट केला तर दीडशेहून अधिक एकरांना’ हे वाचल्यावर चर्चेचा रोख बदलला. तरीही गाळ अजिबात काढायचा नाही, असे ठरवणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते, कारण मुरमाड वावरांना त्याची खरोखर गरज होती. तडजोड अशी झाली की देखभाल-दुरुस्तीचा निधी आणि लोकवर्गणी आधी गेट आणि मुरमाड पट्ट्यावर खर्च होईल, आणि गाळ योजनेतून जेवढा निघेल तेवढाच काढला जाईल.

कालव्याला अस्तर म्हणून हाच काळा गाळ वापरावा, अशी सूचना पुढे आली होती. अभियंत्याने ती नाकारली, कारण काळी माती सुकली की तिला भेगा पडतात आणि पाळी नसताना कालवा अनेक आठवडे कोरडाच राहतो. त्याने दुसरी अट घातली ती अधिक महत्त्वाची होती. धरणाच्या आतल्या पायथ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत खोदाई होणार नाही आणि गाळाखालचा मुरूम उकरला जाणार नाही. तळाशी बसलेला चिकण गाळ पाझर अडवण्याचे काम करत असतो, आणि पायथ्याशी खोदले तर भरावाचा आधारच जातो. ट्रॅक्टरवाल्यांना जवळचा गाळ सोडून लांब जावे लागल्याने त्यावरून बरीच कुरबुर झाली, परंतु चुन्याची रेघ मारून ती हद्द पाळली गेली.

दुसरा निर्णय पाळीच्या क्रमाचा होता. शेपटाकडून माथ्याकडे पाणी द्यायचे ही शेजपाळीची पद्धत जुनीच आहे, पण येथे ती कधी अमलात आली नव्हती. वरच्या गावाचे म्हणणे असे होते की गेट आमच्या शिवारात आहे, कालव्यासाठी जमीन आमची गेली, मग आम्ही शेवटी का? या प्रश्नात तथ्य होते. शेवटी असे ठरले की क्रम शेपटाकडूनच राहील, परंतु प्रत्येकाचा हिस्सा क्षेत्राच्या प्रमाणात आधीच लिहून दिला जाईल, म्हणजे शेवटी असणाऱ्याचे पाणी कमी होणार नाही. हिस्सा लेखी मिळाल्यावरच वरचे गाव तयार झाले.

तिसरा निर्णय अचानक समोर आला. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि त्यात वीसहून अधिक माणसे दगावली. ती बातमी आल्यावर येथील धरणाच्या भरावावर वाढलेल्या बाभळी, कडुनिंब आणि पळस यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले. काही तरुण दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी घेऊन निघाले होते. अभियंत्याने त्यांना थांबवले. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे आत कुजतात आणि त्यांच्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते. म्हणून पावसाळ्यात फक्त झुडपे आणि बेशरम काढायचे, बाहेरच्या उतारावर कोठे ओल किंवा गढूळ पाणी दिसते का हे रोज पाहायचे आणि मोठी झाडे उन्हाळ्यात मुळांसकट काढून खड्डे थराथराने धुमसून भरायचे, असे ठरले.

प्रत्यक्ष कृती

२०१९ च्या उन्हाळ्यात गेटचा रॉड बदलला, मुरमाड पट्ट्यापैकी सर्वांत वाईट भागाला काँक्रीटचे अस्तर झाले आणि उरलेला कालवा रोजगार हमीच्या कामातून साफ झाला. विमोचकाच्या विहिरीवर पातळीपट्टी पुन्हा रंगवली. पाणी वापर संस्थेची निवडणूक झाली आणि दरवर्षी १५ ऑक्टोबरला, म्हणजे रब्बी हंगाम सुरू होताना, पातळी वाचून साठा, राखीव पाणी आणि प्रत्येकाचा हिस्सा दोन्ही गावांत फळ्यावर लिहायचा, असा ठराव झाला. पेरणीच्या आधी हा फळा लागणे, हे या ठरावाचे मर्म होते, कारण गहू पेरून झाल्यावर पाणी कमी आहे हे कळून काही उपयोग नसतो.

एक दुरुस्ती हंगाम सुरू झाल्यावर करावी लागली. खालच्या गावातील एका विधवा शेतकरी महिलेची पाळी मध्यरात्रीनंतर आली. घरात दुसरे कोणी नव्हते, थंडीत आणि काळोखात एकटीने बारे मोडणे, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवणे, तिला शक्य नव्हते, म्हणून तिने पाळी सोडली आणि ते पाणी पुढच्याने घेतले. तिची तक्रार संस्थेकडे आलीच नाही, ती शिक्षकांच्या पत्नीकडून कळली. त्यानंतर एकट्याने शेती करणाऱ्या महिलांना आणि वृद्धांना मागणीनुसार दिवसाची पाळी देण्याचा नियम झाला.

परिणाम

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस इतका झाला की सोयाबीनचे नुकसान झाले आणि तलाव मात्र सांडव्यावरून वाहिला. त्या वर्षी शेपटापर्यंत पाणी पोहोचले, पण त्याचे श्रेय दुरुस्तीला द्यावे असे मला वाटत नाही. पुढची काही वर्षेही पावसाने साथ दिली. खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑक्टोबरात तलावात पुन्हा निम्माच साठा होता.

या वेळी फळा पेरणीआधी लागला. कालव्यावर गव्हाला पाणी मिळणार नाही, हरभऱ्याला दोन पाळ्या मिळतील, असे स्पष्ट लिहिले गेले. वरच्या गावातील ज्यांच्याकडे विहिरी होत्या त्यांनी थोडा गहू पेरला, बाकी शिवार हरभऱ्याचे झाले. डिसेंबरातील पहिली पाळी शेपटापासून माथ्यापर्यंत सर्वांना मिळाली. दुसऱ्या पाळीत ट्रॅक्टर ओलांडण्याच्या जागी कालवा फुटला आणि तो बांधेपर्यंत पाच दिवस गेले. खालच्या गावाचे ओलित तोवर झालेले होते. वरच्या गावातील काहींना पाणी मिळाले तेव्हा घाटे भरून गेले होते. शेपटाकडून सुरुवात करण्याची ही किंमत होती आणि ती वरच्या गावाने मोजली. त्यांची नाराजी रास्त होती, परंतु गेटला या वेळी कोणी हात लावला नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली उणीव गाळाच्या वाटपातली होती. २०१९ मध्ये वाहतुकीचा खर्च ज्याला झेपला त्याच्या वावरात गाळ गेला, आणि मुरमाड वावर असलेले कित्येक लहान शेतकरी पाहत राहिले. काहींनी तर भारी काळ्या जमिनीवरही गाळ टाकला, जिथे त्याचा उपयोग नव्हता आणि पाण्याचा निचरा मात्र बिघडला. २०२३ मध्ये या योजनेच्या नव्या रूपात अत्यल्प व अल्पभूधारकांना एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान आले. तशी तरतूद २०१९ मध्ये नव्हती, तरीही लोकवर्गणीतला थोडा भाग लहान शेतकऱ्यांच्या वाहतुकीसाठी बाजूला ठेवता आला असता.

दुसरी उणीव मासेमार संस्थेबाबतची आहे. मोजणीसाठी डोंगा त्यांचा घेतला, माहिती त्यांची घेतली, पण पाळ्यांचे वेळापत्रक ठरवताना त्यांना बोलावले नाही. गाळपेर करणाऱ्या कुटुंबांचेही तेच झाले. पाणी कोणत्या तारखेपर्यंत किती खाली जाईल हे आधी कळले असते, तर मत्स्यबीज केव्हा सोडायचे आणि डांगर केव्हा लावायचे हे त्यांना ठरवता आले असते. फळ्यावर आणखी एक ओळ लिहिण्याइतकेच हे काम होते.

धरणाच्या सुरक्षिततेबाबत कायद्याच्या भरवशावर राहता येणार नाही. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींसह १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. ९ मीटरचे हे धरण त्याच्या कक्षेबाहेर राहते. मोठ्या झाडांपैकी अर्धी अजून भरावावर उभी आहेत. ती काढण्याचे काम निधीअभावी थांबले असले, तरी पावसाळ्यात बाहेरच्या उताराची रोजची पाहणी एखाद्या व्यक्तीकडे मानधन देऊन सोपवणे संस्थेला परवडण्यासारखे होते. आज ती पाहणी ज्याला सवड असेल तो करतो.

उपशाचा प्रश्न सर्वांत कठीण होता आणि तो सर्वांत मागे राहिला. २०१९ च्या बैठकीत उपसा करणाऱ्यांना चोर म्हटले गेले, त्यामुळे ते पुन्हा बैठकीला आले नाहीत. त्यांपैकी काहींकडे परवानगी होती, काहींकडे नव्हती, आणि आंबिया बहाराच्या संत्र्याला उन्हाळ्यात पाणी तोडणे म्हणजे कित्येक वर्षांची बाग गमावणे, ही त्यांची अडचणही खोटी नव्हती. २००५ च्या कायद्यात उपसा सिंचनाच्या पाणी वापर संस्थेची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन त्यांची वेगळी संस्था करणे, पंपाला मीटर बसवणे आणि त्यांचाही हिस्सा घनमीटरमध्ये त्याच फळ्यावर लिहिणे हा मार्ग पहिल्याच वर्षी खुला होता. २०२३ च्या हंगामात त्यांच्यासाठी अंदाजाने साठ हजार घनमीटर पाणी बाजूला ठेवले गेले. प्रत्यक्षात किती उपसले गेले हे मोजलेले नाही, आणि दुसऱ्या पाळीत कालव्याचा प्रवाहही अपेक्षेपेक्षा कमी होता, त्याचे कारण तेथेच असण्याची शक्यता आहे. संस्थेने आता पंपधारकांपैकी दोघांना कार्यकारी समितीच्या बैठकांना निमंत्रित म्हणून बोलावण्यास सुरुवात केली असून, पहिले तीन मीटर कोणाच्या पंपांवर बसवायचे यावर बोलणी चालू आहेत.